शंभर वर्षांच्या पाण्यावर तीस वर्षांचे कर्ज

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्समध्ये, जुलै महिन्यात थंड पाण्याचा नळ सोडला तरी गरमच पाणी येते. जमिनीखालचे पाइपच तापलेले असतात. लेकीने पहिल्याच दिवशी बजावून ठेवले होते: गाडीत बसताना पट्ट्याच्या बक्कलला हात लावायचा नाही, अनवाणी अंगणात उतरायचे नाही, दुपारी पायी कुठे निघायचे नाही. मी लातूरची, ऊन मला नवे नाही. पण आमच्याकडे मे महिन्यातही रात्री गच्चीवर अंथरूण घातले की कधीतरी वारा लागतो. इथे रात्री अकरा वाजता दार उघडले तर झळ तोंडावर आली. आसपासच्या डांबराने, सिमेंटने आणि कौलांनी दिवसभर साठवलेले ऊन रात्रभर बाहेर पडत असते. २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस इथला पारा रोज ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या वर, पोचला होता. त्याआधी १९९० च्या जूनमध्ये १२२ फॅरनहाइटची, म्हणजे ५० अंशांची नोंद आहे. इतक्या उन्हात रस्त्यावर पडलेल्या माणसाची कातडी भाजते. असे भाजलेले रुग्ण इथल्या दवाखान्यांत दर उन्हाळ्यात येतात.

माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षे गृहकर्ज विभागात. त्यामुळे परक्या गावात गेले की माझी नजर आधी घरांकडे जाते. भिंत कशाची आहे, छपराला किती वर्षे झाली असतील, आणि मुख्य म्हणजे या घरावर किती कर्ज द्यावे, हे आपोआप मनात सुरू होते. फिनिक्सच्या भोवतालची वस्ती धरली तर ती पन्नास लाखांच्या घरात जाते. वर्षाचा पाऊस जेमतेम १८० मिलिमीटर. आमच्या दुष्काळी लातूरला सरासरीने याच्या तिप्पट-चौपट पाऊस पडतो. आणि तरी इथे मैलोगणिक घरे, घरामागे पोहण्याचे हौद, गोल्फची हिरवी मैदाने आणि शहरातून वाहणारे भरलेले कालवे! हे सगळे कुणाच्या भरवशावर उभे आहे, हा प्रश्न मला तिथे असेपर्यंत सुटला नाही.

आधी घरांचे सांगते, कारण पहिला धक्का तिथे बसला. शहराच्या पूर्वेला क्वीन क्रीक भागात नवी वसाहत बांधली जात होती, ती बघायला जावई मला घेऊन गेले. वीट दिसली नाही, सळयांचे कॉलम दिसले नाहीत. सिमेंटच्या एका फरशीवर लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा, त्यावर फोमचे तक्ते, त्यावर तारेची जाळी आणि सगळ्यावर पातळ गिलावा. वर कौले बसली की घर तयार. आमच्याकडे मूल्यांकनाच्या अहवालात ‘आरसीसी’ लिहिलेले नसले की कर्जाची रक्कम निम्मी होते. अशा लाकडी घरावर इथे तीस वर्षांचे कर्ज मिळते, तेही त्याच व्याजदराने, पहिल्या हप्त्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत.

लेकीच्या शेजारी राहणाऱ्या बाई हाच व्यवसाय करतात. साठी ओलांडलेली, उंच, उन्हाने रापलेली बाई. घरकर्जे मिळवून देण्यात त्यांची तीस वर्षे गेली आहेत. मीही त्याच धंद्यातली, हे कळल्यावर संध्याकाळी त्या आमच्याकडे येऊन बसू लागल्या. लेक मध्ये बसून दुभाष्याचे काम करी, पण आकड्यांना दुभाष्या लागत नसे. आमच्याकडची बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजाची असतात, रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवला की हप्ता तरी वाढतो किंवा मुदत तरी लांबते, हे ऐकून त्या थक्क झाल्या. “मग माणूस रात्री झोपतो कसा?” त्यांनी विचारले. मला थक्क करणारी गोष्ट उलटी होती. २०२१ मध्ये ज्याने तीन टक्क्यांच्या आत कर्ज घेतले, तो २०५१ पर्यंत त्याच दराने फेडणार. दोनच वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरात, नव्या कर्जाचा सरासरी दर पावणेआठ टक्क्यांच्या वर गेला. परिणाम असा, की जुने कर्जदार घर विकायलाच तयार नाहीत. नोकरी बदलली, मुले वाढली, म्हातारपणी जिने चढवत नाहीत, तरी लोक तीन टक्क्यांना धरून बसले आहेत.

ही पद्धत काही पहिल्यापासूनची नाही. १९३० च्या आधी अमेरिकेतली घरकर्जे पाच-दहा वर्षांची असत आणि शेवटी मोठी रक्कम एकदम भरावी लागे. महामंदीत ती रक्कम कुणाला भरता येईना आणि घरांवर जप्त्यांची लाट आली. मग सरकार मध्ये पडले. १९३३ साली बुडत्या कर्जांना लांब मुदत देणारे महामंडळ निघाले, १९३४ साली कर्जाला विम्याची हमी देणारी यंत्रणा आली आणि १९३८ साली कर्जे विकत घेणारी फॅनी मे ही संस्था उभी राहिली. आज शेजारणीने मंजूर करवून घेतलेले कर्ज मूळ कंपनीच्या वहीत महिना-दोन महिनेही राहत नाही, ते पुढे विकले जाते. तीस वर्षांची जोखीम सांभाळणारा माणूस, कर्जदाराशी हस्तांदोलन करणाऱ्या माणसापेक्षा वेगळा असतो. मला हे फार खटकले. मी ज्यांना कर्ज दिले, त्यांच्या वास्तुशांतीला जेवले आहे आणि हप्ता थकला तेव्हा त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसलेही आहे. दिलेले कर्ज डोळ्यांसमोर राहिले की देतानाच हात सावध होतो, असे माझे मत आहे.

इथे जामीनदार नसतो, हे पचायला तर मला वेळ लागला. आमच्याकडे मेहुणा, मामा किंवा शाळेतले सहकारी शिक्षक सही देतात आणि पुढची वीस वर्षे त्या सहीचा भार वाहतात. ॲरिझोनात कर्जदाराचा पूर्वेतिहास सांगणारा तीन आकडी गुणांक पाहतात, पगार पाहतात आणि घर पाहतात. हप्ते थकले तर कोर्टात न जाता तीन महिन्यांच्या नोटिशीने घराचा लिलाव होऊ शकतो. आणि राहते घर विकूनही घरखरेदीचे कर्ज पुरते फिटले नाही, तर अडीच एकरांपर्यंतच्या जागेवरच्या एक-दोन कुटुंबांच्या घरासाठी उरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येत नाही. आपल्याकडे लिलावानंतरही बाकी राहतेच आणि तिच्यासाठी वसुली प्राधिकरणाचे दार उघडे असते.

या कायद्याची कसोटी लागली ती २००६ नंतर. फिनिक्समधल्या घरांच्या किमती २००६ च्या शिखरापासून २०११ पर्यंत निम्म्याहूनही खाली आल्या. तीन लाख डॉलरचे कर्ज आणि दीड लाखाचे घर, अशी अवस्था झाली. लोक किल्ल्या ठेवून निघून गेले. शेजारीणबाई सांगत होत्या: “आमच्या गल्लीत ओळीने घरे रिकामी होती. रात्री फक्त आमचाच दिवा.” रिकाम्या घरांमागच्या हौदांतले पाणी हिरवे पडले, त्यात डासांची पैदास झाली, आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने त्या हौदांत डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे सोडले. गप्पी मासे आपल्याकडेही सोडतात, विहिरींत आणि डबक्यांत. पण जप्तीतल्या घरांच्या तरणतलावांत मासे पाळणारे आरोग्य खाते माझ्या कल्पनेत कधी आले नसते.

आता पाण्याकडे येते, कारण सगळे तिथेच येऊन थांबते.

फिनिक्स वसायच्या फार आधी इथे होहोकाम लोक राहत. सॉल्ट नदीतून त्यांनी लाकडी आणि दगडी अवजारांनी शेकडो मैलांचे कालवे खोदले होते. इसवी सन १४५० च्या सुमारास ती वस्ती मोडली. चारशे वर्षांनी आलेल्या गोऱ्या वसाहतकारांनी त्याच कालव्यांच्या खुणा धरून पुन्हा पाट काढले. पण नदी लहरी. कधी महापूर, कधी कोरडी वाळू. धरण हवे होते आणि पैसा नव्हता. १९०२ साली केंद्र सरकारने सिंचनासाठी पैसे देण्याचा कायदा केला, मात्र परतफेडीची हमी मागितली. तेव्हा १९०३ साली या खोऱ्यातल्या जमीनमालकांनी पाणी वापरणाऱ्यांची संस्था काढली आणि मिळून दोन लाख एकरांहून जास्त जमीन तारण लिहून दिली. त्या कर्जातून उभे राहिलेले धरण १८ मार्च १९११ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी राष्ट्राला अर्पण केले. त्यांचेच नाव त्याला आहे.

हे वाचले तेव्हा मला भरून आले. सातबाऱ्यावर बोजा चढवताना शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो, हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे. इथे हजारोंनी मिळून स्वतःच्या जमिनीवर एकदम बोजा चढवून घेतला होता, आणि तोही अजून न बांधलेल्या धरणासाठी. फिनिक्स हे आजचे अवाढव्य शहर एका गहाणखतावर उभे आहे.

त्या जुन्या हक्काची खूण अजून दिसते. टेंपी, मेसा भागातल्या जुन्या वसाहतींत ज्या जागेला १९०३ चा तो हक्क आहे, तिथे आजही पाटाचे पाणी मिळते. जावयांच्या एका मित्राचे घर अशा गल्लीत आहे. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी त्यांची बारी येते, आणि ती रात्री दोनलाही येऊ शकते. मी हट्टाने जागी राहून ती बघितली. बॅटरी घेऊन गृहस्थ अंगणात गेले, झडपेचे चाक फिरवले, आणि चारी बाजूंनी मातीचे बांध घातलेल्या हिरवळीत पाणी पसरू लागले. संत्र्याच्या झाडांची खोडे पाण्यात, आणि पलीकडे रस्त्यावर गाड्या उभ्या. वेळ संपल्यावर झडप बंद, पाणी पुढच्या घराचे. पाटावरच्या माणसाला इथे सानहेरो म्हणतात. तो दारे उघडतो, बारी राखतो. धुळे-नाशिककडच्या पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धतीत हेच काम पाटकरी करत आले. ॲरिझोना कुठे आणि पांझरेचा काठ कुठे, पण बारी चुकवणाऱ्याशी होणारे भांडण दोन्हीकडे सारखेच असते, असे त्या गृहस्थांचे बोलणे ऐकून वाटले.

सॉल्ट नदीचे पाणी शेतीला पुरले, शहराला पुरेना. लोक भूगर्भातून उपसत राहिले. पातळी खाली गेली, काही ठिकाणी जमीन खचली आणि तिला भेगा पडल्या. कोलोरॅडो नदीचे पाणी आणण्यासाठी १९७३ ते १९९३ या वीस वर्षांत हवासू सरोवरापासून टूसानपर्यंत ३३६ मैलांचा, म्हणजे सुमारे ५४० किलोमीटरचा कालवा खोदला गेला. वाटेत पंपांनी पाणी जवळजवळ नऊशे मीटर वर चढवावे लागते. राज्यातली सर्वांत जास्त वीज हाच प्रकल्प वापरतो. पण या कालव्याला पैसे देताना केंद्राने अट घातली, की आधी भूजलाच्या उपशाला लगाम घाला. त्यातून १९८० चा भूजल कायदा झाला, आणि त्यातले एक कलम मला या सगळ्या प्रवासातले सर्वांत मोठे नवल वाटते. फिनिक्ससारख्या भागात नवी वसाहत विकायची, तर तिला शंभर वर्षे पुरेल एवढे पाणी आहे, हे बिल्डरने आधी दाखवून द्यायचे. त्याशिवाय एक प्लॉटही विकता येत नाही.

शंभर वर्षे! मी आयुष्यभर जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागत आले. कोणी कोणाला विकली, वारस किती, फेरफार झाला का, बोजा उतरला का. मागची तीस वर्षे आम्ही खणून बघतो. पुढच्या तीस वर्षांत त्या घरात पाणी येईल का, हे विचारणारा रकाना आमच्या अर्जात नाही.

कायदा कागदावरच राहिला असता तर मी त्याचे एवढे कौतुक केले नसते. १ जून २०२३ रोजी राज्यपाल केटी हॉब्स यांनी भूजलाचा नवा अभ्यास जाहीर केला. पुढच्या शंभर वर्षांच्या मागणीला सुमारे चार टक्के पाणी कमी पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. एवढ्या तुटीवरून फक्त भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींना परवानगी देणे थांबवण्यात आले. बकाय आणि क्वीन क्रीकच्या बाजूला बिल्डरांच्या मोठमोठ्या योजना होत्या, त्यांना दुसरे पाणी शोधणे भाग पडले. आधी मंजूर झालेली घरे तेवढी सुटली. कोलोरॅडोच्या वाट्यातही ॲरिझोनाला कपात सोसावी लागली आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या नदीवर पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली आणि पिनाल भागातल्या शेतकऱ्यांचे कालव्याचे पाणी आटले.

अर्थात पळवाट इथेही आहे. कायदा सहा किंवा जास्त तुकडे पाडणाऱ्याला लागू होतो. म्हणून जमिनीचे पाचच तुकडे करायचे, ते विकायचे, घेणाऱ्याने पुन्हा पाच करायचे. स्कॉट्सडेल शहराच्या ईशान्येला रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती अशीच वाढली. तिथे पाचशेच्या आसपास घरांना टँकरचे पाणी येत असे, आणि टँकर भरायचे स्कॉट्सडेलच्या नळावर. १ जानेवारी २०२३ पासून त्या शहराने बाहेरच्यांना पाणी देणे बंद केले. चांगली मोठी, महागडी घरे, आणि आत लोक कागदी ताटल्यांत जेवू लागले, पावसाचे पाणी बादल्यांत धरू लागले. पुढे उन्हाळ्यात राज्याने कायदा करून सोय लावून दिली.

आम्ही तिकडे गेलो तेव्हा वाटेत फाउंटन हिल्स लागले. वाळवंटाच्या मध्ये एका तळ्यातून ५६० फूट उंच उडू शकणारे कारंजे! हे १९७० साली बसवले ते गावातले प्लॉट खपावेत म्हणून. रॉबर्ट मॅकलॉक या उद्योगपतीने ते उभारले, आणि याच गृहस्थाने १९६८ मध्ये खुद्द लंडन ब्रिज सुमारे पंचवीस लाख डॉलरना विकत घेऊन, दगड न् दगड उचलून, हवासू सरोवराकाठी आणून जोडला. तोही तिथली जमीन विकण्यासाठीच. गिऱ्हाइकांना विमानाने फुकट आणून दाखवत. कारंजे पाहून अर्ध्या तासाने आम्ही टँकरच्या वस्तीत होतो. प्रत्येक घराशेजारी पाण्याची भली मोठी टाकी. मी गाडीतून उतरले, एका टाकीची सावली धरून उभी राहिले आणि मला आमच्या गावाबाहेरच्या नव्या सोसायट्या आठवल्या. आमच्याकडेही माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर कारंजे असते.

शेजारणीला मी विचारले, की त्या वस्तीत तुम्ही कर्ज दिले असते का? त्या म्हणाल्या: “दिले आहे. विहीर किंवा टाकी आहे, एवढे कागदावर दिसले की पुरत असे. आता मी टँकर कुठून भरतो, ते विचारते.”

विजेबाबतही मी त्यांना छेडले. वाळवंटात घर राहण्याजोगे राहते ते एसीमुळे. २०२३ मध्ये एकट्या मॅरिकोपा जिल्ह्यात, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात, उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदवले गेले. घरातच गेलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, पण तो बिघडलेला किंवा बंद. २०१८ साली ५१ डॉलर थकले म्हणून एका वृद्धेची वीज तोडली गेली आणि ती घरात उष्म्याने गेली. त्यानंतर राज्यात उन्हाळ्यात वीज तोडायला बंदी आली. परतफेडीची ऐपत मोजताना सावकार मुद्दल, व्याज, मालमत्ता कर, विमा आणि वसाहतीची वर्गणी धरतात. वीजबिल धरत नाहीत. अपवाद माजी सैनिकांच्या कर्जाचा. तिथे घराच्या क्षेत्रफळावरून वीज-पाण्याचा आणि देखभालीचा खर्च आधी वजा करतात आणि मग घरखर्चाला किती उरते ते बघतात. हा नियम मला अतिशय शहाणपणाचा वाटला.

तो का वाटला, हे लातूरकराला सांगावे लागणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्यासाठी रेल्वेने पाणी आले. मांजरा धरण कोरडे होते, टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली होती. त्या उन्हाळ्यात माझ्यासमोर बसून कर्जदार सांगत, की टँकरला दिले म्हणून हप्ता राहिला. पगार तोच, घर तेच, तारण तेच. कर्ज मंजूर करताना आम्ही भाडे, शाळेची फी, विम्याचा हप्ता सगळे मांडले होते. पाणी कुणीच मांडले नव्हते.

म्हणून गृहकर्ज देणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना सांगायचे आहे, की सर्च रिपोर्टच्या जोडीला पाण्याचा कागद मागा. नगरपालिकेची जोडणी मंजूर आहे की नुसता अर्ज केला आहे, ते बघा. बोअरच्या पाण्याची चाचणी मे महिन्यातली आहे की ऑक्टोबरातली, ते बघा. सोसायटीचा गेल्या उन्हाळ्याचा टँकरचा खर्च मागवा आणि तो ऐपतीच्या गणितात वजा करा. आणि घर घेणाऱ्यांनो, बँक विचारत नसेल तर तुम्ही विचारा. नमुना फ्लॅट बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीआधी बिल्डरला एवढेच विचारा, की इथे मे महिन्यात पाणी कुठून येते. उत्तर लेखी घ्या, आणि मगच सही करा.